एक रोल बेळगाव, एक रोल निपाणी

बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणी या पट्ट्यातले एखादे जुने घर आवरायला काढले की माळ्यावरच्या ट्रंकेत किंवा लोखंडी कपाटात, लग्नाच्या अल्बममागे, एखादा कॅमेरा निघतो. तो बहुतेकदा आग्फा क्लिक थ्री किंवा आयसोली असतो. काकांनी दुबईहून आणलेला याशिका इलेक्ट्रो ३५ असू शकतो, कुणा हौशी मास्तरांचा रशियन झेनिट असू शकतो, नाहीतर ‘खटॅक’च्या जाहिरातीमुळे घराघरांत गेलेला हॉट शॉट तरी असतोच. घरातले म्हणतात, ‘भंगारात देऊया, रोल कुठे मिळतोय आता?’ रोल मिळतो. महाग मिळतो, पण मिळतो. कॅमेरा जरा तपासला तर तो चालतोही.

कॅमेरा हाती आला की मागचे झाकण लगेच उघडू नका. आत वीस-तीस वर्षांपूर्वीचा अर्धवट काढलेला रोल असू शकतो आणि झाकण उघडले की त्यावरचे फोटो जळून जातात. पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात डाव्या बाजूला रोल उलटा गुंडाळायची छोटी चावी असते. ती बाणाच्या दिशेने हलक्या बोटाने फिरवून पाहा. ताण लागला तर आत रोल आहे असे समजा. मग तळाचे बटण दाबून तो पूर्ण गुंडाळून घ्या आणि धुवायला पाठवा. आजोबांचा एखादा फोटो निघालाच, तर कॅमेऱ्याची किंमत तिथेच वसूल झाली.

रोल नसल्याची खात्री झाली की झाकण उघडा आणि खोलीत अंधार करून लेन्समागून टॉर्च मारा. लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी. बेळगावच्या पावसाळ्यात चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवलेल्या कॅमेऱ्याला ती हमखास लागते. थोडी असेल तर फोटोत फारसा फरक पडत नाही, जास्त असेल तर उन्हाकडे तोंड करून काढलेले फोटो धुरकट येतात. झाकणाच्या कडेला लावलेला काळा स्पंज चिकट होऊन बोटाला लागत असेल तर तो खरवडून नवा लावावा, नाहीतर फोटोवर तांबूस पट्टे उमटतात. बॅटरीच्या खणात हिरवट गंज असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडे व्हिनेगर घेऊन पुसा. शेवटी शटर. एक सेकंदावर लावून दाबा आणि कान द्या. एक सेकंदाचा दीड-दोन सेकंद होत असेल तर आतले वंगण घट्ट झाले आहे. पण एक-शंभरपंचविसावा आणि त्यावरचे वेग ठीक वाटत असतील तर दिवसाउजेडी काम भागते.

विकतच घ्यायचा असेल तर माझे मत सांगतो. पेंटॅक्स के-१००० किंवा त्या जातीचा, सगळे हाताने लावायचे असते असा यांत्रिक कॅमेरा घ्या. त्याला प्रकाशमापकासाठी एक एलआर-४४ बॅटरी लागते, ती घड्याळाच्या दुकानात मिळते, आणि बॅटरी संपली तरी कॅमेरा अडत नाही. के-१०००चा मापक बंद करायला बटण नाही, म्हणून काम नसताना लेन्सवर टोपण घाला. इलेक्ट्रो ३५ची लेन्स अप्रतिम आहे, पण त्याची मूळ पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही, अडॅप्टर घालून सहा व्होल्टची लावावी लागते. क्लिक थ्रीला यातले काहीच लागत नाही. त्यात १२० नंबरचा रोल बसतो, बारा चौकोनी फोटो येतात, शटरचा वेग जवळजवळ ठरलेला असतो आणि आठ-दहा फुटांच्या अलीकडचे नीट येत नाही. शंभर आयएसओचा रोल घाला, सूर्य पाठीमागे घ्या, कॅमेरा छातीशी घट्ट धरा. वाडे, वेशी, बैलगाड्या आणि ओळीने बसलेली माणसे तो छान काढतो.

एकेकाळी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल गावोगावच्या स्टुडिओत मिळायचा. १९६०मध्ये स्थापन झालेली ती सरकारी कंपनी बंद पडली. आता इलफर्ड, फोमा, कोडॅक असे परदेशी रोल ऑनलाइन मागवावे लागतात. रोल आणि धुलाई-स्कॅनिंग मिळून हजाराच्या पुढे खर्च जातो, म्हणजे एकेका फोटोला चांगला चहा-भजीचा खर्च पडतो. माझ्या मते हे एका अर्थी बरेच आहे. हात आखडता राहतो.

नवशिक्याने ४०० आयएसओचा काळापांढरा रोल, उदाहरणार्थ इलफर्ड एचपी-५ प्लस, घ्यावा. चुका पोटात घालणारा रोल आहे आणि घरी धुता येतो. रंगीत हवा असेल तर कोडॅक गोल्ड २००. रोल फ्रिजमध्ये ठेवा, वापरण्याआधी तास-दोन तास बाहेर काढून ठेवा, आणि एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर कधीही ठेवू नका.

आता उजेड. मापक नसला तरी घाबरायचे कारण नाही. लख्ख उन्हात छिद्र एफ/१६ आणि शटरचा वेग रोलच्या आयएसओइतका, हा जुना हिशेब आजही चालतो. २०० आयएसओला एक-अडीचशेवा, ४००ला एक-पाचशेवा. पातळ ढग असतील तर एफ/११. बेळगावच्या गल्ल्या अरुंद आहेत, रामदेव गल्लीत किंवा मारुती गल्लीत दुपारनंतर एक बाजू सावलीत जाते, तिथे एफ/५.६. जून ते सप्टेंबर आभाळ गच्च असते, तेव्हा ४००चा रोल आणि एफ/४ धरून चालावे. शंका आली तर थोडा जास्तच उजेड द्या. निगेटिव्ह जास्त उजेड सहन करते, कमी उजेड करत नाही.

आपल्याकडे एक खास अडचण येते. बाजारात बसलेल्या म्हाताऱ्याची टोपी पांढरीशुभ्र, धोतर पांढरे आणि चेहरा उन्हात रापलेला. कॅमेऱ्याचा मापक त्या पांढऱ्याला फसतो आणि चेहरा काळाठिक्कर येतो. अशा वेळी त्यांच्यावर जसा उजेड पडतोय तशाच उजेडात स्वतःचा तळहात धरून मापन घ्या, त्यावर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, जादा द्या आणि मग फोटो काढा. टोपी थोडी उडेल. उडू दे. फोटो टोपीचा नाही.

हे झाले तंत्र. ते आठवडाभरात येते. काय काढायचे हा खरा प्रश्न आहे.

१८९२च्या ऑक्टोबरमध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात आले होते. वनाधिकारी हरिपद मित्र यांच्या आग्रहावरून एस. महादेव अँड सन या बेळगावच्या स्टुडिओने त्यांचा फोटो काढला. तो आज जगभर पोचला आहे. त्याच्या चार वर्षे आधी, १८८८ साली, पुढे उद्योगपती झालेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी याच गावात सायकलचे दुकान थाटले. त्या दुकानात भिंतीला टेकवलेली सायकल, बाकावर वाट पाहणारे गिऱ्हाईक, हात पुसत बाहेर आलेले लक्ष्मणराव, असा रोजचा एखादा फोटो आज कुणाच्या ट्रंकेत सापडला तर त्याला काय मोल येईल याचा विचार करा. मोठ्या माणसांचे आणि मोठ्या दिवसांचे फोटो निघतातच. वैशाखातल्या शिवजयंतीला बेळगावात चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते आणि तिथे आज मोबाइलचे जंगल उभे असते. तिथे तुमच्या छत्तीस फोटोंची गरज नाही. मिरवणूक संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवाचे बांबू उतरवणाऱ्या पोरांपाशी जा.

निपाणीपासून सुरुवात करा असे मी सांगेन. हे तंबाखूचे गाव, आणि तंबाखूचे दर्शन हंगामावर असते. ऑगस्ट-सप्टेंबरात लावण, डिसेंबर ते फेब्रुवारीत काढणी. जानेवारीच्या शेवटी अक्कोळ, यमगर्णीकडच्या शिवारात गेलात तर कापलेला तंबाखू उन्हात वाळत पडलेला दिसेल. हिरव्याचा तांबूस आणि तांबसाचा तपकिरी होताना रंगीत रोल सार्थकी लागतो. सकाळी नवाच्या आत किंवा चारनंतर जा. भर दुपारी ते सगळे रान सपाट दिसते. वखारीत जायचे असेल तर मालकाला आधी विचारा आणि कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्या. तंबाखूची बारीक धूळ नाकात जाते तशी शटरमध्येही जाते. रोल वखारीत बदलू नका, बाहेर येऊन बदला.

घराघरांच्या ओसरीवर विडी वळणाऱ्या बायका बसलेल्या असतात. इथे घाई करू नका, पंधरा मिनिटे नुसते बघा. मांडीवर सूप, सुपात एका बाजूला जर्दा, दुसऱ्या बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली टेंभुर्णीची पाने. पान पत्र्याच्या मापावर ठेवायचे, कात्रीने कापायचे, चिमूटभर जर्दा पसरायचा, गुंडाळायचे, टोक आत दुमडायचे, दोऱ्याचा वेढा द्यायचा. हे सगळे बघता बघता होते आणि बोटांकडे त्या स्वतः बघतही नाहीत, शेजारणीशी बोलत असतात. तुमचा क्षण आहे टोक दुमडण्याचा. तिथे बोटे निमिषभर थांबतात. ५० मिलिमीटरची लेन्स असेल तर तीन फुटांवर खाली बसा, फोकस सुपाच्या कडेवर न करता अंगठ्याच्या नखावर करा, वेग निदान एक-शंभरपंचविसावा ठेवा. ओसरीच्या सावलीत ४००च्या रोलला एफ/४ पुरेल. एक फोटो हातांचा, एक चेहऱ्याचा, एक मागे सरकून सबंध ओसरीचा. तीनच. चौथा काढण्याआधी त्यांनी दिलेला चहा प्या.

निपाणीच्या तंबाखूला इतिहासही आहे. १९८१ साली शेतकरी नेते शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी इथे महामार्गावर ठिय्या दिला आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. तो रस्ता आता रुंद झाला, त्याचा क्रमांकही ४चा ४८ झाला. कडेची झाडे, टपऱ्या, धाबे हे सगळे बदलते आहे, आणि बदलण्याआधी कुणीतरी ते उभे राहून काढायला हवे. कोल्हापुरी चप्पल शिवणारे कारागीरही याच भागात आहेत. २०१९मध्ये त्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगावसह चार जिल्हे आहेत. चामडे कापणारा हात आणि दगडावर ठोकणारी मोगरी, दोन्ही एका फ्रेममध्ये बसतात.

महाराष्ट्र-कर्नाटकाची सीमा डोळ्यांना दिसत नाही, पण फोटोत आणता येते. निपाणीच्या बसस्थानकावर महाराष्ट्राची लालपरी आणि कर्नाटकची बस शेजारी शेजारी उभ्या राहतात. दोन्हींच्या पाट्या एका फ्रेममध्ये घ्यायच्या तर २८ किंवा ३५ मिलिमीटरची लेन्स हवी. निपाणीतली पोरे ज्या देवचंद कॉलेजात जातात ते अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात, आहे. सकाळी चालत, सायकलने राज्य ओलांडणारी ही मुले मला सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यापेक्षा अधिक बोलकी वाटतात. सीमावादावरून वातावरण तापले की एसटी कोगनोळीलाच थांबते. अशा दिवशी कॅमेरा घेऊन फिरू नका, आणि फिरलात तर जमावाच्या जवळ जाऊ नका.

बेळगावात दोन गोष्टींना आधी हात घाला. पहिली, रंगवलेल्या पाट्या. खडे बाजार, गणपत गल्ली, रविवार पेठ, शहापूर इथे अजून काही दुकानांवर पेंटरने हाताने रंगवलेली मराठी अक्षरे आहेत, वळणदार, सावली दिलेली, कोपऱ्यात पेंटरची सही असलेली. फ्लेक्सने त्या कधीच्या मागे टाकल्या. त्यात २०२४च्या कर्नाटकाच्या कायद्यानुसार पाटीवर साठ टक्के कन्नड हवे, म्हणून उरल्यासुरल्याही उतरत आहेत. त्या नियमाबद्दल तुमचे मत काहीही असो, फोटो आधी काढा. समोरासमोर उभे राहा, कॅमेरा पाटीला समांतर धरा, पाटीबरोबर दुकानाची फळी, वजनकाटा, गल्ल्यावरचा माणूसही येऊ द्या. नुसती पाटी काढली तर ती कुठल्याही गावची वाटते.

दुसरी, माग. वडगाव, खासबाग, शहापूर या भागात गल्लीत शिरताच यंत्रमागांची खडखड कानावर येते. आत ट्यूबलाइटचा उजेड, त्यामुळे ४००चा रोल, एफ/२.८ आणि एक-तिसावा. एवढ्या वेगाला माग पुसट येतो आणि उभा विणकर स्थिर येतो, आणि तसेच यायला हवे. दाराच्या चौकटीला खांदा टेकवून, श्वास सोडून शटर दाबा. फ्लॅश नको, सगळा कारखाना पांढरा पडतो आणि माणूस दचकतो.

खानापूरची मातीची भांडी, येळ्ळूरचा राजहंसगड, किल्ल्यातली कमल बस्ती ही ठिकाणे मोहात पाडतील. जा, पण रोल त्यांच्यावर संपवू नका. बस्तीचे शिल्प पुढल्या वर्षीही तिथेच असेल.

परवानगीचे म्हणाल तर या भागात दोन्ही भाषा लागतात. ‘काय वो मामा, एक फोटो काढू काय?’ याने बेळगावच्या बाजारात काम होते. कन्नड बोलणाऱ्या घरी ‘अक्का, वंद फोटो तगीली?’ एवढे जरी तोडकेमोडके म्हणता आले तरी समोरचा माणूस हसतो आणि निम्मे काम होते. नाही म्हटले तर नाही. जुना कॅमेरा बघून उलट लोकच विचारतात, ‘ह्यात रोल मिळतो व्हय अजून?’ तेव्हा कॅमेरा त्यांच्या हातात द्या, बघू द्या. कॅम्प भागात मात्र जपून राहा. बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, लष्करी इमारती, फाटके, कवायतीची मैदाने यांच्या दिशेने लेन्स करू नका. तुमचा कॅमेरा कितीही म्हातारा असला तरी पहारेकऱ्याला तो कॅमेराच दिसतो.

रोल संपला. रंगीत रोल पुणे, मुंबई किंवा बंगळुरूच्या लॅबला कुरिअर करावा. काळापांढरा मात्र घरीच धुवा, कारण निम्मी गंमत तिथे आहे. एक टाकी, एक थर्मामीटर, डी-७६ डेव्हलपर, हायपो आणि एक काळी चेंजिंग बॅग एवढे सामान लागते. टाकीतल्या चकतीवर रोल चढवणे अंधारात करायचे असते, म्हणून एक वाया गेलेला रोल घेऊन आधी उजेडात आणि मग डोळे मिटून सराव करा. एचपी-५ला विरळ न केलेल्या डी-७६मध्ये २० अंशांना साडेसात मिनिटे. पण आपल्या नळाला २० अंश थंडीतच मिळतात. उन्हाळ्यात बाटल्या बर्फ घातलेल्या बादलीत ठेवा, किंवा २४ अंशांवर सव्वापाच मिनिटांच्या आसपास धुवा. दर मिनिटाच्या सुरुवातीला दहा सेकंद टाकी उलटसुलट करा, जोरजोरात हलवू नका. मग साधे पाणी, मग पाच मिनिटे हायपो. पाणी चार दिवसांनी येत असेल तर वाहत्या नळाखाली रोल धरू नका. टाकी भरून पाच वेळा उलटवा आणि ओता, पुन्हा भरून दहा वेळा, पुन्हा भरून वीस वेळा. एवढ्याने रोल स्वच्छ होतो. शेवटचे पाणी फिल्टरचे घ्या, डाग पडत नाहीत. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, तो विहिरीजवळ किंवा परसात ओतू नका.

रोल न्हाणीघरात, खाली चिमटा लावून, टांगा. घरात लहान मुले असतील तर कडी लावून घ्या.

एवढे झाल्यावर बहुतेक जण फोटो स्कॅन करून मोकळे होतात. तिथे थांबू नका. रोल काढतानाच खिशात एक वही ठेवा आणि प्रत्येक फोटोला एक ओळ लिहा: गाव, गल्ली, तारीख, माणसाचा धंदा, आणि त्यांची हरकत नसेल तर नाव. निगेटिव्ह सहा-सहाच्या पट्ट्यांत कापून फाइलमध्ये घाला आणि त्या पानावर वहीतल्या ओळी उतरवा. नोंद नसलेला फोटो तीस वर्षांनी नुसता ‘जुना फोटो’ होतो. नोंद असेल तर त्यावरून वडगावात कोणत्या वर्षी किती माग चालू होते हे कुणाला तरी शोधता येते.

ज्यांचे फोटो काढले त्यांना एकेक प्रत नेऊन द्या, कागदावर छापलेली. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो महिन्यात खाली जातो, भिंतीवर लावलेला राहतो. पुढच्या वेळी त्या ओसरीवर तुम्हाला विचारायला लागणार नाही.

आणि एक काम रोल विकत घेण्याआधीच करा. तुमच्या गावातला जो जुना फोटो स्टुडिओ बंद पडला आहे किंवा पडायच्या बेतात आहे, तिथे जाऊन मालकांना भेटा. त्यांच्या माळ्यावर खोक्यांत निगेटिव्ह असतील, कदाचित काचेच्या प्लेटाही. जुन्या फिल्ममधल्या चांदीसाठी भंगारवाले त्या किलोवर उचलतात. त्यांच्याआधी तुम्ही पोचा, खोकी उतरवायला हात लावा आणि निदान कुठल्या खोक्यात कोणत्या साली काढलेले फोटो आहेत एवढे तरी मालकांच्या तोंडून विचारून लिहून घ्या.